अस्वस्थ पाय : एका न दिसणाऱ्या विकाराच्या निदानाचा आणि उपचारांचा इतिहास

दिवसा डॉक्टरांच्या खोलीत बहुधा गैरहजर असणारा आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकताच हजर होणारा विकार वैद्यकाच्या नोंदीत कसा आला, त्या नोंदीतून किती काळ निसटला आणि पुन्हा कसा सापडला, हे समजून घेण्यासाठी ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’, म्हणजेच अस्वस्थ पायांचा विकार, याचा इतिहास विशेष उपयोगी आहे. सिंड्रोम म्हणजे एकत्र आढळणाऱ्या लक्षणांचा समूह. या समूहात बसल्याजागी किंवा पडल्यावर पाय हलवण्याची अनावर ओढ लागते, तिच्यासोबत पोटऱ्यांच्या आत खोलवर काहीतरी सरपटल्यासारखे, शिवशिवल्यासारखे किंवा ओढल्यासारखे वाटते, उठून चालू लागले की ते कमी होते आणि संध्याकाळनंतर ते वाढते. रुग्णाला तपासले तर त्वचा, स्नायू, सांधे, नाडी आणि प्रतिक्षिप्त क्रिया बहुधा निर्दोष आढळतात. त्यामुळे या विकाराचे निदान आजही मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरच उभे आहे, आणि म्हणूनच त्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी रुग्णाचे सांगणे कोणी, कधी आणि किती लक्षपूर्वक ऐकले याचा इतिहास आहे.

पाश्चात्त्य वैद्यकात या विकाराचे पहिले स्पष्ट वर्णन थॉमस विलिस (१६२१–१६७५) या इंग्रज वैद्याच्या नावावर जमा आहे. विलिस हे ऑक्सफर्डला निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक होते. मेंदूच्या रचनेवरील त्यांचा १६६४ चा ग्रंथ ख्रिस्तोफर रेन यांनी काढलेल्या चित्रांमुळेही प्रसिद्ध झाला आणि मेंदूच्या तळाशी असलेले रक्तवाहिन्यांचे वर्तुळ आजही विलिस यांच्या नावाने ओळखले जाते. १६७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लॅटिन ग्रंथात निद्रानाशाची चर्चा करताना त्यांनी असे काही रुग्ण वर्णिले, की ते झोपण्यासाठी अंथरुणावर पडताच त्यांच्या हातापायांत उसळ्या आणि आचके सुरू होत, आणि त्यातून इतकी तळमळ निर्माण होई की झोप त्यांना एखाद्या यातनागृहात लागावी इतकी अशक्य होई. विलिस यांचे स्पष्टीकरण त्यांच्या काळातले, मज्जातंतूंमधून वाहणाऱ्या सूक्ष्म ‘प्राणद्रव्या’च्या खळबळीचे होते आणि ते पुढे टाकून द्यावे लागले. त्यांचा उपचार मात्र टिकला. मद्यार्कात विरघळवलेली अफू, जिला लॉडॅनम म्हणत, ती ते अशा रुग्णांना देत आणि तिने आराम पडल्याचे त्यांनी नोंदवले. अफूजन्य औषधे या विकारात खरोखर परिणामकारक असतात हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने दाखवले गेले आणि इतर उपाय थकलेल्या रुग्णांत ती अल्प मात्रेत व कडक देखरेखीखाली आजही वापरली जातात.

विलिस यांच्यानंतरच्या दोन शतकांत फारसे काही घडले नाही. जे घडले त्याने रुग्णांचे हित झालेच असे म्हणता येत नाही. स्वीडनचे माग्नुस हुस यांनी १८४९ मध्ये दीर्घकालीन मद्यपानाच्या दुष्परिणामांचे वर्णन करताना पायांत सरपटल्यासारख्या होणाऱ्या संवेदनांचा उल्लेख केला. जर्मनीत थिओडोर विटमाक यांनी १८६१ मध्ये ‘अँग्झायटास टिबिआरम’, म्हणजे नडग्यांची चिंताग्रस्तता, अशा नावाखाली ही लक्षणे एकत्र आणली आणि त्यांचे मूळ उन्मादात, म्हणजे त्या काळी ‘हिस्टेरिया’ म्हणत त्या मनोविकारात, असल्याचे मानले. अमेरिकेत जॉर्ज बिअर्ड यांनी प्रचलित केलेल्या ‘न्यूरास्थेनिया’ या मज्जादौर्बल्याच्या व्यापक कल्पनेतही पायांच्या अस्वस्थतेला जागा मिळाली. शरीरात काही सापडत नाही तेव्हा तक्रार मनाची आहे असा निष्कर्ष काढणे त्या शतकातील वैद्यकाला सोपे वाटत असे, आणि त्याचा भार स्त्रियांवर अधिक पडला, कारण हा विकार त्यांच्यात पुरुषांपेक्षा सुमारे दुपटीने आढळतो आणि हिस्टेरियाचा शिक्काही त्यांच्यावरच अधिक सहजपणे मारला जाई. जर्मन मज्जाविकारतज्ज्ञ हेरमान ओपेनहाइम यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात ही लक्षणे मज्जासंस्थेच्या विकारांत धरली आणि ती एकाच कुटुंबात अनेकांना होऊ शकतात हे नमूद केले. परंतु ते निरीक्षण पुस्तकाच्या कोपऱ्यात पडून राहिले.

या विखुरलेल्या नोंदींचे एका निश्चित विकारात रूपांतर करण्याचे श्रेय स्वीडनचे मज्जाविकारतज्ज्ञ कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम (१९०७–१९७७) यांच्याकडे जाते. १९४४ मध्ये त्यांनी या रुग्णांविषयी पहिला लेख लिहिला आणि १९४५ मध्ये, युरोपातील महायुद्ध संपत असताना, तटस्थ स्वीडनमधून त्यांचा ‘रेस्टलेस लेग्ज’ हा प्रबंध इंग्रजीत, एका वैद्यकीय नियतकालिकाची पुरवणी म्हणून, प्रसिद्ध झाला. पुढे ते उप्साला विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९६० मध्ये त्यांनी या विषयाचा जो आढावा घेतला, त्यातून ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ हे नाव सर्वत्र रुजले. एकबोम यांचे मोठेपण नाव देण्यापेक्षा त्यांच्या विचारण्याच्या पद्धतीत आहे. रुग्णांना आपली संवेदना सांगता येत नाही, ते वेदना म्हणत नाहीत, खाज म्हणत नाहीत, मुंग्याही म्हणत नाहीत आणि शेवटी विचित्र उपमांचा आधार घेतात, हे त्यांनी रुग्णाच्या सांगण्यातला दोष न मानता विकाराचेच लक्षण मानले. ही संवेदना त्वचेवर नसून आत खोलवर असते, ती प्रामुख्याने गुडघा आणि घोटा यांच्या दरम्यान जाणवते, बहुधा दोन्ही पायांत असते, विश्रांतीतच उद्भवते आणि हालचालीने ओसरते, हे सर्व तपशील त्यांनी चिकाटीने गोळा केले. बहुतेक रुग्णांत वेदना नसतात, पण काहींत त्या प्रमुख असतात, हे ओळखून त्यांनी संवेदनाप्रधान आणि वेदनाप्रधान असे दोन प्रकारही वेगळे केले.

एकबोम यांनी दुसरी महत्त्वाची गोष्ट केली ती मोजणीची. केवळ रुग्णालयात आलेल्यांवर न थांबता त्यांनी निरोगी समजल्या जाणाऱ्या लोकांनाही हेच प्रश्न विचारले, तेव्हा सुमारे ५ टक्के लोकांत ही लक्षणे आढळली, आणि गर्भवती स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ११ टक्के निघाले. युरोप आणि उत्तर अमेरिकेत पुढे झालेल्या मोठ्या पाहण्यांनी साधारणतः ५ ते १० टक्के असे प्रमाण दाखवले असून त्यांपैकी उपचारांची गरज भासावी इतका तीव्र त्रास २ ते ३ टक्क्यांना असतो, हे लक्षात घेता त्यांचा पहिलाच अंदाज किती वास्तवाजवळ होता हे दिसते. मात्र उपचारांच्या बाबतीत एकबोम यांची दिशा चुकली. दोष पायांतील रक्ताभिसरणात असावा असे वाटून त्यांनी रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे वापरली, आणि कारण पायांत शोधण्याची ही सवय वैद्यकाला बराच काळ सुटली नाही. (एकबोम यांचे नाव आणखी एका विकाराला दिले गेले आहे. अंगावर किंवा अंगात किडे असल्याचा भ्रम होणारा तो मनोविकार पूर्णपणे वेगळा असून दोहोंची गल्लत टाळण्याचे पथ्य वैद्यकीय लेखनात पाळावे लागते.)

लोहाचा धागा हाती आला तो स्वीडनमध्येच. नील्स-ब्रागे नॉर्डलँडर यांनी १९५३ मध्ये असे कळवले की रक्तवाहिनीतून लोह दिल्यावर या रुग्णांपैकी जवळजवळ सर्वांची लक्षणे नाहीशी झाली, आणि याहून लक्षणीय म्हणजे ज्यांच्या रक्तातील लोहाचे प्रमाण कमी नव्हते अशांनाही गुण आला. त्यावरून त्यांनी तर्क मांडला की रक्तात लोह पुरेसे दिसत असले तरी ऊतींमध्ये, म्हणजे शरीराच्या प्रत्यक्ष पेशीसमूहांत, ते अपुरे असू शकते. हा तर्क पुढच्या अर्धशतकाचे उत्तर जवळजवळ सांगून टाकणारा होता. तरीही तो बाजूला पडला, आणि त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. रक्तवाहिनीतून दिल्या जाणाऱ्या तेव्हाच्या काही लोहसंयुगांमुळे जीवघेणी अ‍ॅलर्जी होण्याचा धोका होता, मेंदूतील लोह मोजण्याचे कोणतेही साधन नव्हते, आणि लवकरच अधिक झगमगते असे दुसरे स्पष्टीकरण पुढे आले.

ते स्पष्टीकरण येण्याआधी झोपेच्या प्रयोगशाळेने या विकाराला पहिल्यांदाच मोजता येण्याजोगे रूप दिले. लंडनचे चार्ल्स सिमंड्स यांनी १९५३ मध्ये झोपेत पायांना बसणाऱ्या झटक्यांचे वर्णन केले होते. इटलीतील बोलोन्या येथे एलिओ लुगारेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात अस्वस्थ पायांच्या रुग्णांच्या झोपेचे रात्रभर आलेखन केले, म्हणजे मेंदूच्या लहरी, श्वास आणि पायांच्या स्नायूंची विद्युतक्रिया एकाच वेळी नोंदवली, तेव्हा असे आढळले की रुग्ण झोपल्यावरही त्याचे पाय ठरावीक अंतराने, अनेकदा दर २० ते ४० सेकंदांनी, आपोआप झटके घेतात. या हालचाली पुढे निद्राकालीन आवर्ती पादचलन म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या आणि त्या सुमारे ८० टक्के रुग्णांत सापडतात. मात्र हा विकार नसलेल्या अनेकांमध्ये, विशेषतः वृद्धांत, त्या आढळत असल्यामुळे त्यांच्यावरून निदान ठरवता येत नाही. यंत्राने रुग्णाच्या म्हणण्याला दुजोरा दिला, पण रुग्णाला विचारण्याची जागा ते घेऊ शकले नाही.

१९८२ मध्ये तुर्कस्तानातील अंकारा येथील शेवकेत अकपिनार यांनी या रुग्णांना लेव्होडोपा हे औषध दिले आणि विषयाचे स्वरूपच बदलले. डोपामिन हे मेंदूतील पेशींमध्ये संदेश पोचवणारे रसायन असून हालचालींच्या नियंत्रणात त्याचा मोठा वाटा असतो. लेव्होडोपापासून मेंदूत ते तयार होते, आणि पार्किन्सनच्या विकारात, म्हणजे कंपवातात, १९६० च्या दशकापासून लेव्होडोपा वापरले जात होते. कंपवाताच्या मानाने अल्प मात्रेत दिलेल्या या औषधाने अस्वस्थ पायांचे रुग्ण पहिल्याच रात्री शांत झोपू लागले. मॉन्ट्रियलच्या जॅक माँप्लेझिर यांच्या गटाने हे निष्कर्ष पुढे नेले. दोष पायांत नसून मेंदूत आहे हे आता मान्य झाले, आणि डोपामिनची क्रिया अडवणारी औषधे, उदाहरणार्थ मळमळीवर दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइड किंवा अनेक मनोविकारविरोधी औषधे, हा त्रास का वाढवतात हेही उलगडले.

औषध सापडल्यावर निदानाच्या निकषांची गरज तीव्र झाली, कारण वेगवेगळ्या देशांतील डॉक्टर एकाच रुग्णसमूहाविषयी बोलत आहेत याची खात्री त्याशिवाय देता येत नव्हती. या विकाराच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने १९९५ मध्ये चार निकष ठरवले, ते २००३ मध्ये सुधारले गेले आणि २०१४ मध्ये पाचवा निकष जोडला गेला. हा पाचवा निकष असे सांगतो की पहिली चारही लक्षणे, म्हणजे पाय हलवण्याची ओढ, तिचे विश्रांतीत उद्भवणे, हालचालीने ओसरणे आणि संध्याकाळनंतर वाढणे, दुसऱ्या एखाद्या स्थितीमुळे उद्भवलेली नसावीत, आणि व्यवहारात तोच सर्वाधिक कसोटीचा ठरतो. पोटरीत गोळा येतो तेव्हा स्नायू हाताला कडक लागतो आणि वेदना तीव्र असते, तशी ती येथे नसते. मधुमेहामुळे मज्जातंतू खराब झाल्यावर होणारी जळजळ आणि बधिरता चालण्याने फारशी कमी होत नाही. पाय अवघडून बसल्याने आलेल्या मुंग्या बैठक बदलताच जातात. सवयीने पाय हलवत बसणाऱ्याला त्यामागे कोणतीही असह्य ओढ जाणवत नाही. मनोविकारविरोधी औषधांमुळे येणारी बेचैनी सर्वांगाची असते आणि ती दिवसरात्र सारखीच राहते. हे भेद ओळखण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही, परंतु प्रश्न विचारायला वेळ द्यावा लागतो.

अमेरिकेत रोपिनिरोल या औषधाला २००५ मध्ये आणि प्रामिपेक्सोलला २००६ मध्ये या विकारासाठी मान्यता मिळाली. ही औषधे डोपामिनच्या जागी काम करून पेशींवरील त्याच्या ग्राहकांना, म्हणजे त्याचा संदेश स्वीकारणाऱ्या रेणूंना, थेट उद्दीपित करतात. मान्यतेसोबत जाहिरातींचा आणि वृत्तपत्रांतील लेखांचा पूर आला, आणि स्टीव्हन वोलोशिन व लिसा श्वार्ट्झ यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की माध्यमे विकाराचे प्रमाण फुगवून आणि औषधांचे दुष्परिणाम गाळून निरोगी माणसांना रुग्ण बनवण्यास हातभार लावत आहेत. त्यांची टीका प्रसारमाध्यमांबाबत रास्त होती. तथापि तिच्या आधारे हा विकारच कंपन्यांनी रचला असे जे म्हटले जाऊ लागले, ते वर्षानुवर्षे रात्र उभ्याने काढणाऱ्या माणसांवर अन्याय करणारे होते. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, आइसलँड आणि जर्मनी येथील संशोधकांच्या नेतृत्वाखालील दोन स्वतंत्र गटांनी या विकाराशी निगडित जनुकीय बदल शोधून काढले, आणि आइसलँडच्या गटाला सापडलेला बदल ज्यांच्यात होता त्यांच्या शरीरातील लोहाचा साठाही कमी आढळला.

दरम्यान डोपामिनच्या औषधांची दुसरी बाजू उघड झाली होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रिचर्ड अ‍ॅलन आणि क्रिस्टोफर अर्ली यांनी १९९६ मध्ये दाखवले की लेव्होडोपा घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांत काही काळाने लक्षणे रात्रीऐवजी दुपारीच सुरू होतात, अधिक तीव्र होतात आणि हातांपर्यंत पसरतात. याला लक्षणवर्धन म्हणता येईल. मात्रा वाढवली की काही दिवस बरे वाटते आणि मग त्रास पूर्वीपेक्षा वाढून परत येतो, त्यामुळे डॉक्टर आणि रुग्ण दोघेही विकारच वाढला असे समजून मात्रा आणखी वाढवत राहतात. नव्या औषधांत हा परिणाम उशिरा येतो, पण वर्षानुवर्षांच्या वापरात मोठ्या संख्येने रुग्णांना गाठतो. शिवाय काहींना जुगार, अनावर खरेदी किंवा लैंगिक वर्तनावरील ताबा सुटणे असे परिणाम भोगावे लागतात, आणि लाजेपोटी ते औषधाशी जोडून सांगितले जात नाहीत.

अ‍ॅलन आणि अर्ली यांच्याच गटाने लोहाचा सोडून दिलेला धागा पुन्हा उचलला. त्याआधी १९९४ मध्ये शॉन ओकीफ यांनी वृद्ध रुग्णांत हा विकार आणि फेरिटिनचे कमी प्रमाण यांचा संबंध दाखवला होता. फेरिटिन हे शरीरात लोह साठवून ठेवणारे प्रथिन असून रक्तातील त्याच्या प्रमाणावरून साठ्याचा अंदाज येतो. २००० मध्ये अर्ली आणि अ‍ॅलन यांनी मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात फेरिटिन कमी असल्याचे नोंदवले, आणि २००३ मध्ये जेम्स कॉनर यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंची तपासणी करून सांगितले की डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी तेथे शाबूत आहेत, कंपवाताप्रमाणे मेलेल्या नाहीत, परंतु त्यांना लोह पुरेसे मिळालेले नाही. डोपामिन घडवणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराला, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला, लोहाची गरज असते, त्यामुळे दोन्ही धागे येथे एकत्र आले. नॉर्डलँडर यांचा तर्क पन्नास वर्षांनी पुराव्यानिशी सिद्ध झाला, आणि ज्या रुग्णांचे हिमोग्लोबिन उत्तम होते त्यांचा त्रास लोहाने का कमी होई हेही स्पष्ट झाले.

लक्षणवर्धन आणि लोह यांविषयीची ही समज उपचारांतही उतरली. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत डोपामिनसदृश औषधांचा नेहमीचा वापर टाळावा असे सांगून गॅबापेन्टिन, त्याचेच एक रूप असलेले गॅबापेन्टिन एनाकार्बिल, प्रीगॅबालिन ही औषधे आणि रक्तवाहिनीतून दिले जाणारे फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे लोहसंयुग यांची ठाम शिफारस केली. प्रौढांत फेरिटिन ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी, किंवा ट्रान्सफेरिन या लोहवाहक प्रथिनाची लोहसंपृक्तता २० टक्क्यांहून कमी असेल, तर लोह द्यावे असे त्यात म्हटले आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात फेरिटिनची ‘सामान्य’ मर्यादा याहून पुष्कळ खालून सुरू होते, म्हणून अहवाल निर्दोष आला तरी या रुग्णांपुरता तो पुरेसा नसतो. सूज किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते, त्यामुळे दोन्ही चाचण्या एकत्र पाहाव्या लागतात. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत हा विकार वारंवार आढळतो. सर्दीवरील झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या आणि नैराश्यावरील अनेक औषधेही तो चिघळवतात, म्हणून नवे औषध जोडण्याआधी चालू औषधांची यादी तपासणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा संबंध लोहाच्या वाटेने येतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय, म्हणजे अनेकदा लोहाच्या अभावातून येणारी हिमोग्लोबिनची कमतरता, आहे, आणि महाराष्ट्रातील प्रमाणही निम्म्याहून अधिक आहे. मराठी घरांत पाय तोडतात, पोटऱ्या ओढतात, पाय शिवशिवतात अशा शब्दांत सांगितल्या जाणाऱ्या तक्रारींवर पाय चेपून देणे, तेल चोळणे किंवा पोटऱ्यांना फडके आवळून बांधणे हे उपाय जुने आहेत. बाहेरून दिलेल्या दाबाने आतली संवेदना तात्पुरती दबते, म्हणून ते निरर्थक नाहीत, परंतु कष्टाचा थकवा किंवा वयाचा परिणाम म्हणून तक्रार तेथेच थांबते. या सर्व तक्रारी याच विकाराच्या असतात असे नाही, आणि म्हणूनच ‘बसल्यावर होते का, चालल्यावर कमी होते का, रात्री वाढते का’ हे तीन प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. गरोदरपणात शेवटच्या तीन महिन्यांत हा त्रास सर्वाधिक असतो आणि प्रसूतीनंतर बहुधा थांबतो, मात्र ज्यांना तो एकदा झाला त्यांच्यात पुढील आयुष्यात तो कायमचा जडण्याची शक्यता अधिक असते. सरकारी कार्यक्रमानुसार गर्भवतीला रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली रक्तवाढीची गोळी १८० दिवस दिली जाते आणि तिच्या हिमोग्लोबिनचा आकडा नोंदला जातो. रात्री पाय तिला झोपू देतात का, हे मात्र सहसा विचारले जात नाही, आणि हिमोग्लोबिन समाधानकारक असलेल्या स्त्रीच्या बाबतीत तर ते विचारण्याचे कारणच कुणाला दिसत नाही.